तेलाचा बांध



आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांस थोडें नवल वाटेल. इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु माणसाचा इतिहास जसा त्याच्या तलवारीचा आहे, तसाच तो त्याच्या चाकाचाहि आहे. आणि चाकाचा इतिहास पाहूं गेल्यास बऱ्याच अंशीं तो वंगणाचा इतिहास ठरतो. एखाद्या पन्नास-पाऊणशें वर्षांच्या जुन्या मोटारीच्या मागल्या चाकाची आंतली बाजू वांकून न्याहाळली, तर तेथें बहुधा एक काळा, ओशट ओघळ दिसतो. मालक तो फडक्यानें पुसून टाकतो. चार दिवसांनीं तो पुन्हा दिसूं लागतो. हा ओघळ येतो कोठून, तो अडविण्यासाठीं गेल्या सवाशें वर्षांत कोणकोणत्या युक्त्या योजिल्या गेल्या, आणि आज तो बंद करूं इच्छिणारानें कोणता विवेक बाळगावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे. विषय लहान आहे खरा. परंतु त्याच्या पोटीं मनुष्याच्या जिवाचा प्रश्न दडलेला आहे, हें पुढें दिसून येईल.

आरंभ आपल्या बैलगाडीपासूनच करूं. तिचा आंस स्थिर असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांवर चाकें फिरतात. आंस आणि चाकाचा तुंबा यांमध्यें गाडीवान जाडें काळें वंगण भरी, व त्याचें नळकांडें गाडीलाच लटकवून ठेवी. हें वंगण कडेनें बाहेर येई, धुळीनें माखे आणि गळून पडे. मग गाडीवान चाक थोडें बाहेर ओढून नवें वंगण घाली. गळणें हा तेथें दोष नव्हताच; ती रोजची रीत होती. फार तर जवळून जाणाराचें धोतर खराब होई, याहून मोठें नुकसान त्या गळतीनें कधीं झालें नाहीं.

दुसरें उदाहरण नागपूरकरांच्या परिचयाचें आहे. जमशेटजी टाटा यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली, आणि पुढल्या दशकांत त्याच गिरणींत रिंग-स्पिंडलांचा प्रयोग करून पाहण्यांत आला. सूत कांतणारी ही चाती उभी असते व तिचा पाय तेलाच्या लहानशा वाटींत बुडालेला असतो. चाती मिनिटास हजारों फेरे फिरते, तरी तेल वाटींतच राहतें. कारण तेथें गुरुत्वाकर्षण हेंच राखणदार आहे. उभ्या चातीस जी सोय निसर्गानें फुकट दिली, ती आडव्या आंसास दिलेली नाहीं. आडवा आंस फिरूं लागला कीं त्याच्या अंगावरचें तेल टोकाकडे सरकूं पाहतें. आपली सारी कथा या एका अडचणींतून उत्पन्न झाली आहे.

पहिल्या मोटारींना ही अडचण नव्हती, हें ऐकून मौज वाटेल. जर्मनींत कार्ल बेंझ यांनीं २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट मागितलें, तेव्हां यंत्राची शक्ति मागल्या चाकांपर्यंत सांखळीनें पोंचत असे. मागला आंस बैलगाडीसारखाच स्थिर, सांखळी उघडी, तेल जेवढें घालावें तेवढें रस्त्यावर सांडावयाचें. १८८८ सालीं त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनीं आपल्या दोन मुलांसह मानहाईमहून फोर्झहाईमपर्यंत जो पहिला लांबचा प्रवास केला, त्यांत ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजले, तेव्हां वाटेवरील एका चांभाराकडून त्यांनीं त्यांवर कातडें ठोकून घेतलें. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण जें कातडें येथें ब्रेकच्या मदतीस धांवलें, तेंच पुढें तेलापासून ब्रेकचें रक्षण करण्यास उभें राहिलें.

दहा वर्षांनीं, १८९८ च्या डिसेंबरांत, पॅरिस येथें लुई रेनो नांवाच्या एकवीस वर्षांच्या तरुणानें सांखळी काढून टाकली आणि यंत्राची शक्ति एका लांब दांड्यानें थेट मागल्या आंसापर्यंत नेली. त्या वर्षाच्या नाताळांत त्यानें आपली लहानशी गाडी मोंमार्त्रच्या चढावरून चालवून दाखविली, आणि पुढल्याच वर्षीं त्या रचनेचें पेटंट घेतलें. योगायोग असा कीं, मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी आल्या त्या याच १८९८ सालीं, आणि त्यांपैकीं एकीचे मालक जमशेटजी टाटा हेच होते असें सांगण्यांत येतें.

रेनोच्या युक्तीनें मोटारीचा मागला आंस जिवंत झाला, म्हणजे तो स्वतः फिरूं लागला. आज आपण ज्या आंसाविषयीं बोलत आहों, त्याची रचना थोडक्यांत अशी आहे. गाडीच्या मागल्या अंगास मधोमध एक लोखंडी भोंपळा असतो. त्यांत पुढून येणाऱ्या दांड्याचें लहान दंतचक्र, म्हणजे पिनियन, एका मोठ्या ताटाएवढ्या दंतचक्रास फिरवितें. वळणावर बाहेरचें चाक अधिक धांवतें आणि आंतलें कमी. यासाठीं दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगानें फिरूं देणारी डिफरन्शियलची योजना याच भोंपळ्यांत असते. तिचें पेटंट फ्रान्समधील पेकर यांनीं १८२८ सालींच घेतलें होतें, म्हणजे मोटार जन्मण्यापूर्वीं अठ्ठावन वर्षें. भोंपळ्याच्या दोहों बाजूंस एकेक लोखंडी नळी निघते, तींतून अर्धा-अर्धा आंस, ज्यास मिस्त्री लोक हाफ-शाफ्ट म्हणतात तो, चाकापर्यंत जातो. दंतचक्रें तेलांत बुडालेलीं असावीं लागतात. तीं फिरतांना तेल उसळतें, नळींत शिरतें आणि चाकाच्या दिशेनें वाहत जातें. नळीच्या तोंडाशीं त्याला अडविणारा जो बांध घालतात, त्यासच ऑईल सील म्हणतात.

हा बांध फुटला तर काय होतें? बैलगाडीचें तेल रस्त्यावर पडत असे. मोटारीचें तेल ब्रेकवर पडतें. १९०२ च्या सुमारास लुई रेनो यांनींच चाकाच्या ड्रमच्या आंत बसणाऱ्या ब्रेकची रचना पुढें आणली, आणि हळूहळू सर्वत्र ती रूढ झाली. ड्रमच्या आंत ब्रेक असल्यामुळें पाऊस, चिखल व धूळ यांपासून त्याचें रक्षण झालें. परंतु ज्या नळींतून तेल येतें तिचें तोंडहि त्याच ड्रमच्या आंत उघडतें. बाहेरचा शत्रु दाराबाहेर राहिला, आणि घरचाच शत्रु माजघरांत आला. एका बाजूच्या ब्रेकचीं अस्तरें तेलांत भिजलीं कीं तो ब्रेक निसटतो, किंवा कधीं उलट एकदम धरतो. दुसऱ्या बाजूचा मात्र नेहमींप्रमाणें लागतो. अशा वेळीं वेगांत असलेली गाडी सरळ न थांबतां एका अंगास फेंकली जाते. ओल्या रस्त्यावर, उतारावर, अथवा रस्त्यांत अचानक एखादें मूल आडवें आलें असतां, या ओघळाचा अर्थ काय होतो हें वेगळें सांगावयास नको.

आतां बांध कसकसे घातले गेले तें पाहूं. आरंभीच्या मोटारींत नमदा, म्हणजे दाबून घट्ट केलेली लोंकर, आंसाभोंवतीं गोल बसवीत. हेन्री फोर्ड यांची १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक संख्येनें निघालेली ‘मॉडेल टी’ गाडी नमद्याच्या वर्तुळांवर आणि पत्र्याच्या वाट्यांवर भिस्त ठेवून होती. नमदा तेल पूर्णपणें अडवीत नाहीं. तें शोषून घेतो व त्याची चाल मंद करतो. म्हणून त्या काळीं तेल जाड वापरीत, आणि भोंपळा एकतृतीयांशाहून अधिक भरूं नये असा नियम असे. मालकानें प्रेमानें अधिक तेल ओतलें कीं तें प्रेम ब्रेकवर उतरे. दुसरी युक्ति स्क्रूसारख्या आट्यांची. आंसावर अशा आट्या कोरीत कीं, आंस पुढच्या दिशेनें फिरूं लागला म्हणजे त्या आट्या तेलाला मागें लोटीत. ही युक्ति झिजत नाहीं. मात्र गाडी उभी असली, आणि तीहि एका अंगावर कललेली असली, तर आट्यांचें कांहीं चालत नाहीं.

तिसरा व दीर्घकाळ टिकलेला उपाय कातड्याचा. त्याची वंशावळ मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यांनीं १७९५ सालीं पाण्याच्या दाबाचें यंत्र काढलें, तेव्हां त्याच्या दट्ट्याच्या कडेनें पाणी निसटूं लागलें. ब्रामा यांच्या कारखान्यांतील हेन्री मॉडस्ले यांनीं तेथें वाटीच्या आकाराचें कातडें बसवून ती अडचण दूर केली असें म्हणतात. त्या वाटीची खुबी अशी कीं, आंत दाब जितका वाढे तितकें कातडें दट्ट्यास अधिक घट्ट बिलगे. शत्रूच्याच बळानें शत्रूस अडविण्याचें हें तत्त्व आजच्या सीलांतहि जिवंत आहे.

या कातड्यास पोलादी पत्र्याचें घर देऊन आणि भोंवतीं बारीक स्प्रिंगची मेखला घालून मोटारीसाठीं तयार सील बनविण्याचें काम विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस सुरू झालें. अमेरिकेंत शिकागो रॉहाईड या कंपनीनें १९२८ च्या सुमारास असें सील काढलें. हिचा मूळ धंदा कातडी पट्ट्यांचा होता. जर्मनींतील वाईनहाईम येथील फ्रॉयडेनबर्ग ही पेढी तर शुद्ध चर्मालय. तेथें वाल्टर सिमर या तंत्रज्ञाच्या खटपटीनें तयार झालेलें सील १९३२ पासून त्याच्याच नांवानें, ‘सिमररिंग’ म्हणून, प्रसिद्धीस आलें. अशा रीतीनें मोटारीच्या अत्यंत नाजूक भागाचें जनकत्व चांभारकीच्या धंद्याकडे जातें, हें आपल्या देशांतील उच्चनीचतेच्या कल्पना बाळगणारांनीं अवश्य लक्षांत घ्यावें.

रबराकडे लोक आधीं कां वळले नाहींत, असा प्रश्न कोणी विचारील. कारण साधें आहे. झाडाच्या चिकापासून होणारें रबर खनिज तेलांत फुगतें आणि बिघडतें. तेलांत टिकणारें रबर मनुष्यास रसायनशाळेंतच घडवावें लागलें. जर्मनींतील रसायनशास्त्रज्ञांनीं १९३० च्या सुमारास असें रबर सिद्ध केलें. त्यास आज आपण नायट्राईल म्हणतों. १९३६ पासून फ्रॉयडेनबर्ग यांनीं सीलाचा ओठ या रबराचा करावयास आरंभ केला. पुढें महायुद्धांत, १९४२ सालीं, मलायांतील रबराचे मळे जपानच्या हातीं गेले, तेव्हां अमेरिकेनें कृत्रिम रबराचे कारखाने मोठ्या प्रमाणावर उभारले. आणि युद्धोत्तर काळांत कातड्याचें सील मागें पडून रबराचें सर्वत्र झालें.

या घडामोडींचा आपल्या भागाशीं संबंध काय, असें कोणी म्हणेल. संबंध निकट आहे. मुंबईंत शिवडी येथें १९२८ सालीं जनरल मोटर्सचा मोटारी जोडण्याचा कारखाना निघाला. म्हणजे शिकागोंत कातड्याचें सील निघत होतें त्याच सुमारास. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांतून १९४७ सालीं गाड्या बाहेर पडूं लागल्या. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र मंडळीनें स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत माझगांव येथें विलीज जीपची जोडणी सुरू केली. तेव्हां आज आपल्याकडे जतन केलेल्या जुन्या मोटारी या एकाच कुळांतल्या नाहींत. कोणी नमद्याच्या काळची, कोणी कातड्याच्या, कोणी रबराच्या पहिल्या पिढीची. यासाठींच दुरुस्तीच्या आधीं इतिहास पाहावा लागतो.

रस्त्यांचाहि एक इतिहास नागपुराशीं जोडलेला आहे. १९४३ च्या डिसेंबरांत देशांतील मुख्य इंजिनियरांची परिषद नागपुरास भरली व तींतून ‘नागपूर योजना’ निघाली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्ह्याचे रस्ते आणि खेड्यांचे रस्ते अशी जी प्रतवारी आज सर्वांच्या तोंडीं आहे, ती तेव्हांची; आणि पिकाऊ प्रदेशांतील कोणतेंहि खेडें पक्क्या रस्त्यापासून पांच मैलांहून दूर राहूं नये, असा तिचा संकल्प होता. परंतु संकल्प आणि रस्ता यांत अनेक पावसाळ्यांचें अंतर असतें. नागपुराच्या नैर्ऋत्येस असलेल्या आमच्या हिंगण्याच्या बाजूस काळी जमीन आहे. पावसाळ्यांत तिचा चिखल चाकास गच्च धरून बसतो, आणि उन्हाळ्यांत तिची धूळ जेथें फट सांपडेल तेथें शिरते. त्यांत वैशाखांतील ४५ अंशांच्या पलीकडे जाणारें ऊन. तेल पातळ होतें, भोंपळ्यांतील हवा तापून फुगते. ही हवा बाहेर पडावी म्हणून नळीवर एक बारीकसें भोंक, म्हणजे ब्रीदर, ठेविलेलें असतें. चिखलानें तें बुजलें कीं कोंडलेली हवा दुसरी वाट शोधते. ती वाट सीलाच्या ओठाखालून जाते, आणि जातांना तेलाला सोबत नेते.

येथें या विषयाचें मर्म आहे. तेल जेथें गळतें तेथेंच दोष असतो असें नाहीं. पुष्कळ मालक सील बदलतात, गळती महिनाभर थांबते, आणि पुन्हा सुरू होते. मग ते नव्या सीलास, दुकानदारास आणि मिस्त्रीस दोष देतात. वास्तविक सील हें पहारेकरी आहे. पहारेकरी बदलण्याआधीं त्याच्यावर चाल करून येतें कोण, हें पाहणें शहाणपणाचें. यासाठीं क्रम असा ठेवावा.

प्रथम गळणारें द्रव्य कोणतें हें ओळखावें. आंसाचें तेल जाड असतें आणि त्यास गंधकाचा उग्र वास येतो. ब्रेकचें द्रव्य पाण्यासारखें पातळ असतें व रंगावर पडल्यास रंग उठवितें; तें आढळल्यास दोष सीलाचा नसून ब्रेकच्या सिलिंडराचा समजावा. बेअरिंगमधलें ग्रीस उष्णतेनें वितळून आलें असेल तर त्याचा डाग लोण्यासारखा दिसतो. दुसरें, गाडी सपाट जागीं उभी करून भोंपळ्यांतील तेलाची पातळी पाहावी. तिसरें, ब्रीदर काढून स्वच्छ धुवावा. हीं दोन कामें फुकटचीं आहेत, आणि कित्येकदां तेवढ्यानेंच ओघळ थांबतो. चौथें, चाक जमिनीवरून उचलून हातानें वर-खालीं हालवून पाहावें. बेअरिंग झिजलें असेल तर आंस मधोमध न फिरतां डुलत फिरतो, आणि डुलणाऱ्या आंसापुढें कोणतेंहि सील टिकत नाहीं.

एवढें पाहून झालें, आणि दोष सीलाकडेच आला, तर मग आंस बाहेर काढावा. गाडी केवळ जॅकवर ठेवून कोणीहि तिच्याखालीं जाऊं नये. पुढल्या चाकांस दगड लावावे आणि मागें भक्कम घोड्या द्याव्या. पुष्कळ जुन्या गाड्यांत, आणि जुन्या जीपमध्येंहि, चाकाचा तुंबा आंसाच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो व तो पुलरनेंच काढावा लागतो. त्या वेळीं टोकावरची चाकी ढिली करावी, परंतु सबंध काढूं नये. कारण तुंबा सुटतो तो बंदुकीच्या गोळीप्रमाणें सुटतो. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲसबेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. यास्तव ड्रममधली धूळ फुंकरीनें वा हवेच्या नळीनें उडवूं नये. ओल्या फडक्यानें पुसून तें फडकें फेंकून द्यावें.

जुनें सील निघालें म्हणजे आंसाचा जो भाग त्याच्या ओठाखालीं फिरत होता, तो नखानें चांचपून पाहावा. तेथें बहुधा एक बारीक खांच आढळते. मऊ रबरानें कठीण पोलाद कसें झिजविलें, असें वाटेल. परंतु झिजविणारी वस्तु रबर नव्हे, ओठाखालीं अडकलेली धूळ होय. दोरीनें विहिरीच्या कांठच्या दगडास खांचा पडतात, तसाच हा प्रकार. या खांचेवर नवें सील बसविलें तर तेल खांचेंतून जाईल. त्यासाठीं आंसावर सुमारें पाव मिलिमीटर जाडीची पोलादी बांगडी चढविण्याची सोय आतां झालेली आहे. किंवा सील घरांत थोडें पुढेंमागें सरकवून त्याचा ओठ न झिजलेल्या जागीं आणतां येतो.

आणि येथेंच इतिहास कामास येतो. कातड्याचा ओठ खरखरीत आंसही सहन करतो. तें त्याच्या जातीला साजेसें आहे, कारण त्या काळीं आंसाचा तो भाग आजच्याइतका गुळगुळीत करीत नसत. रबराच्या ओठास आरशासारखा आंस लागतो. त्यावर आट्यांसारख्या बारीक रेघाहि चालत नाहींत. १९३० च्या गाडीचा मूळचा आंस तसाच ठेवून त्यावर आजचें उत्तम रबरी सील बसविलें, तर तें पूर्वींच्या कातड्याहून लवकर जातें, आणि लोक म्हणतात कीं नवा माल वाईट निघाला. तीच गोष्ट तेलाची. नमद्याच्या गाडींत आजचें पातळ तेल घातल्यास नमदा तें अडवूं शकत नाहीं. शिवाय १९२० नंतरच्या दशकांत हायपॉईड जातीचीं दंतचक्रें आल्यापासून अधिक दाब सोसणारीं गंधकयुक्त तेलें निघालीं. त्यांपैकीं कांहीं तेलें जुन्या गाड्यांतील कांशाच्या चक्रांस व बुशांस खातात. आंस, तेल आणि सील हें त्रिकूट एका काळचें असावें, अथवा एक बदलल्यास उरलेल्या दोहोंचा विचार करावा, हा या साऱ्या इतिहासाचा व्यवहारी निष्कर्ष आहे.

नवें सील बसवितांना त्याचा ओठ तेलाकडे तोंड करून असावा. उलट बसविलेलें सील हें घरांत तोंड करून उभ्या राहिलेल्या द्वारपाळाऐवजीं बाहेर पाहणाऱ्या द्वारपाळासारखें होतें, आणि चोर तर घरांतलाच आहे. कातड्याचें सील आधीं तेलांत भिजत ठेवावें. रबराच्या ओठास तेलाचें बोट लावावें, कारण कोरडा ओठ पहिल्याच फेऱ्यांत जळतो. सील चारी बाजूंनीं सारखें, लांकडाचा सपाट तुकडा ठेवून हळूहळू ठोकावें. आंसावरील चावीच्या खांचेची धार ओठास कापते, म्हणून आंस आंत सरकवितांना तिच्यावर गुळगुळीत कागदाची गुंडाळी करावी. बेअरिंगजवळच्या पातळ चकत्या जितक्या निघाल्या तितक्याच आणि त्याच क्रमानें परत घालाव्या, म्हणजे आंसाची पुढेंमागें होणारी चाल बदलत नाहीं. तेलांत भिजलेलीं ब्रेकचीं अस्तरें मात्र निर्दयपणें टाकून द्यावीं. पूर्वीं कित्येक ठिकाणीं तीं पेट्रोल टाकून जाळीत व पुन्हा वापरीत. त्यांत पोटांत मुरलेलें तेल जात नाहीं. ब्रेक तापला कीं तें पुन्हा पृष्ठावर येतें. चार पैशांच्या बचतीसाठीं पुढें चालणाऱ्या माणसाचा जीव पणास लावण्याचा कोणासहि अधिकार नाहीं.

आतां एक अखेरचा प्रश्न, आणि तो केवळ यंत्राचा नाहीं. जुनी वस्तु जतन करावयाची म्हणजे काय करावयाचें? इंग्लंडांत १९३४ सालीं स्थापन झालेल्या जुन्या मोटारींच्या मंडळानें १९१९ पासून १९३० पर्यंतच्या गाड्यांस ‘व्हिंटेज’ हें नांव दिलें. आपल्याकडे २०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें नियम केले, त्यांत पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपांत राखलेल्या दुचाकी-चारचाकी गाड्यांस व्हिंटेज मानून त्यांस निराळी नोंदणी दिली आहे. मात्र सांगाडा, कवच आणि यंत्र यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. कोणी म्हणतील, मग कातड्याच्या जागीं रबर घालणें हा अपराध होईल काय? माझ्या मतें नाहीं. सीलाच्या मूळ जागेंतच आजचें सील बसविलें, तर उद्यां कोणासहि तें काढून कातडें बसवितां येतें; गाडीचें कांहींच नष्ट झालें नाहीं. परंतु नवें सील बसावें म्हणून जुन्या नळीचें तोंड कांतून मोठें केलें, तर तें पुन्हा पूर्ववत् होणार नाहीं. जुन्या देवळाचा कळस उजळणें निराळें, आणि गाभाऱ्याची भिंत फोडून खिडकी करणें निराळें. जें परत फिरवितां येतें तें करावें, आणि जें फिरवितां येत नाहीं त्यापूर्वीं दहा वेळां थांबावें. आणि ब्रेकच्या बाबतींत मूळपणाचा हट्ट मुळींच धरूं नये. जीर्ण अस्तर राखून ठेवावयाचें असेल तर कपाटांत ठेवावें, चाकांत नव्हे.

हिंगण्याच्या रस्त्यास आज मोठी औद्योगिक वसाहत आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें, आणि त्यानें वसविलेल्या या वसाहतींत ट्रॅक्टरचा मोठा कारखाना चालतो. ज्या काळ्या मातींत बैलगाडीचें वंगण गळत असे, तींतच आतां ट्रॅक्टरचीं चाकें रुततात. आणि त्यांच्याहि मागल्या आंसांत तेल आहे, नळीच्या तोंडाशीं बांध आहे, आणि त्या बांधावर तोच जुना हल्ला चालू आहे. शेतकऱ्याच्या मुलानें ट्रॅक्टरचा ब्रीदर दर पावसाळ्यानंतर साफ केला, तर त्याला या इतिहासाचें सार कळलें असें मी समजेन.

ज्या कारागिरांच्या हातांत कातडें भिजवून, बोटांनीं चांचपून सील बसविण्याची कला होती, ते आतां थोडेच उरले आहेत. त्यांचें ज्ञान पुस्तकांत फारसें उतरलें नाहीं; तें त्यांच्या बोटांतच राहिलें. आपल्या घरीं, शेजारीं, वा गांवच्या एखाद्या गॅरेजांत असा वृद्ध मिस्त्री असेल, तर त्याच्यापाशीं बसून तें विचारून घ्यावें, लिहून ठेवावें. राजवाड्यांचे दगड मोजणारे पुष्कळ आहेत. परंतु आपल्या वाडवडिलांना सुखरूप घरीं पोंचविणारीं चाकें कोणी आणि कशीं फिरतीं ठेविलीं, याची नोंद करणारा कोणी तरी हवा. ती नोंद झाली तर पुढल्या पिढीच्या हातीं जुनी मोटार जाईल ती चालती जाईल, आणि तिचा ब्रेकहि लागेल.